साल्हेर दिंडोरीपासून सुरू होतो

2025च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे. तेव्हापासून जो तो मला विचारतो, ‘पायथ्याशी पोचायला किती तास लागतात?’ तास मोजत गेलात तर साल्हेर अर्धाच दिसेल. तो दिंडोरीपासून बघत जायचा असतो.

मी आणि माझा मावसभाऊ कोजागिरीच्या सकाळी निघालो. दिंडोरीला द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची गडबड होती. बायका वेलींच्या डोळ्यांना ब्रशने पेस्ट लावत होत्या, बांधावर छाटलेल्या काड्यांचे ढीग पडले होते. 1670च्या ऑक्टोबरात, असेच पावसाळा सरतानाचे दिवस असताना, शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून बागलाणातून याच मुलखात उतरले. मोगल सरदार दाऊदखान कुरेशी आडवा आला आणि वणी-दिंडोरीची लढाई झाली. तीच कांचनबारीची लढाई. महाराज उघड्या मैदानात मोगली फौजेशी स्वतः लढले, अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक. वणीच्या पुढे सातमाळ्याची रांग समोर उभी राहते, धोडप किल्ल्याच्या माथ्यावरची ती प्रसिद्ध खाच दिसू लागते, आणि सुरतेचा ऐवज लादलेली जनावरं या डोंगरांमधून न्यायची म्हणजे काय, याचा अंदाज येतो.

नांदुरीला गाडी थांबवावीच लागली. तापी-नर्मदेचं पाणी घेऊन आलेले कावडीवाले सप्तशृंगी गडाकडे निघाले होते. पाय सुजलेले, काहींच्या तळव्यांना चिंध्या गुंडाळलेल्या, तरी खांद्यावरची कावड जमिनीला टेकू द्यायची नाही. आम्ही बाजूला उभे राहून त्यांना वाट दिली.

कळवण, सटाणा भराभर मागे टाकलं. सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या मंदिरात मात्र हात जोडल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दुष्काळात लोक उपाशी मरताना सरकारी खजिना उघडून देणारा मामलेदार, आणि त्याचं देऊळ! ताहाराबाद सोडलं की मोसम नदीचं खोरं लागतं. एका अंगाला मांगी-तुंगीचे दोन सुळके, समोर मोरा, मुल्हेर आणि हरगड असे तीन डोंगर खांद्याला खांदा लावून उभे. डाळिंबाच्या बागा, कांद्याची रोपं, खळ्यावर वाळत घातलेला मका.

मुल्हेर आज शांत खेडं आहे. एके काळी ही बागलाणच्या बागुल राजांची राजधानी होती. सुरतेहून दख्खनेत येणारा व्यापारी माल या खोऱ्यांतून जायचा, इथे महमुदी नाणी पाडली जायची. 1638मध्ये शाहजादा औरंगजेबाच्या मोहिमेत हे राज्य बुडालं. गावात संत उद्धव महाराजांची समाधी आहे, आणि कोजागिरीला तिथे रासक्रीडेचा उत्सव होतो. फुलापानांनी सजवलेल्या चक्राखाली रात्रभर पदं चालतात. आम्ही पहाटेपर्यंत बसून होतो. चाल पाठ असलेली म्हातारी माणसं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत शब्द जुळवणारी पोरं पाहून मला फार बरं वाटलं.

साल्हेरला आम्ही वाघांब्याकडून चढलो. गावातले एक काका वाट दाखवायला आले. साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्यामधल्या खिंडीत पोचलो की कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. पायरीची कड मधोमध झिजलेली, आत बोटभर पाणी साचलेलं. मग दरवाजे, डाव्या हाताला ओळीने गुहा, उजवीकडे थेट दरी. वर गंगासागर तलाव आणि अगदी माथ्यावर परशुरामाचं छोटं देऊळ. 1567 मीटर, महाराष्ट्रात कळसूबाईनंतरचं सर्वांत उंच शिखर. काका पश्चिमेकडे हात करून म्हणाले, “ताई, त्या डोंगरापलीकडं डांग. गुजरात लागलं.”

तिथून पाहिलं तेव्हा मला 1672ची साल्हेरची लढाई उलगडली. 1671च्या सुरुवातीला महाराजांनी साल्हेर घेतला होता. पुढे मोगल सरदार इखलासखानाने वेढा घातला, आणि महाराजांचे मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर दोन वेगळ्या दिशांनी चालून आले. खाली खोऱ्यात दोन्ही वाटा स्पष्ट दिसतात. चार प्रहर लढाई झाली, धुरळ्यात आपला-परका ओळखू येईना असं सभासद बखरीत आहे. मराठ्यांचे सूर्याजी काकडे पडले. खान जखमी होऊन हाती लागला. सुरतेकडून येणारा रस्ता या गडाच्या नजरेत होता. गड हातचा गेला तर बागलाण गेलं, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं.

जाणार असाल तर वाघांब्याकडून चढा आणि साल्हेरवाडीकडे उतरा. दोन्ही वाटांवरचे दरवाजे पाहून होतात. आणि सकाळी दिंडोरीहून निघताना घाई करू नका. वणीच्या पुढे एकदा तरी गाडीतून उतरा आणि धोडपकडे तोंड करून उभे राहा.