शिधापत्रिकेतला 'शि'

बी.एड.चा निकाल लागला, पण नोकरीचा पत्ता नव्हता. तेव्हा आम्ही दोघी मैत्रिणी मालेगावातल्या एका छोट्या संस्थेत तीन महिने उमेदवारी करायला लागलो. पगार नाही, रिक्षाभाडे तेवढे मिळायचे. काम म्हणजे मोहल्ल्यात फिरून कुटुंबांच्या नोंदी करायच्या, रेशनचे अर्ज भरून द्यायचे. शिकवायला एक बाजी होत्या. दुसऱ्याच आठवड्यात त्या बाळंतपणासाठी माहेरी गेल्या आणि दुपारचा बायकांचा वर्ग आमच्या गळ्यात पडला.

खरे सांगायचे तर आम्ही खूश झालो. रात्री जागून पाठाचे टाचण काढले, हर्बार्टच्या पंचपदीसकट. विषय उर्दू. बहुतेकजणी लहानपणी नाजरा कुरआन शिकलेल्या, म्हणजे अक्षरे ओळखीची. पे, टे, चे, डाल, गाफ अशी अरबीत नसलेली मोजकी अक्षरे शिकवली की झाले, असा आमचा हिशेब.

फळ्यावर 'पे' काढला, तोच मागून एक खालाजी म्हणाल्या, "बेटी, उर्दू तो घर में बच्चे भी पढ देंगे. हमें मराठी सिखाओ. राशन का कारड, बिजली का बिल, दवाखाने का कागज, सब मराठी में आता है." नंतर कळले, मरहूम नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी दवाखान्यातल्या एका कागदावर अंगठा उठवला होता. त्यात काय लिहिले होते, हे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते.

टाचण पिशवीतच राहिले. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने पहिला शब्द लिहिला : शिधापत्रिका. केवढी ही हुशारी! खालाजींनी वही मागून उघडली आणि उजवीकडून सुरुवात केली. त्यात 'शि'ची वेलांटी आधी काढायची आणि म्हणायची मात्र नंतर, हे त्यांना पटेना. "आवाज बाद में आती है, तो पहले क्यों लिखती हो?" जन्मभर मराठी लिहिणाऱ्या आम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. उत्तर सुचेना, म्हणून आमच्यातली एक हसली. कोण ते सांगत नाही. खालाजी त्यानंतर चार दिवस फिरकल्या नाहीत.

शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो. शुक्रवार होता, लूमचा खडखडाट बंद होता, त्यामुळे माफी मागायला आवाज चढवावा लागला नाही. त्यांनी चहा पाजला आणि एवढेच म्हणाल्या, "बच्चों पे हंसो, चलेगा. हम पे नहीं."

मग आम्ही वेलांटी बाजूला ठेवली. न, ग, म, र अशी सोपी अक्षरे घेतली. प्रत्येकीला घरचे वीजबिल आणायला सांगितले. बिलावर नाव नवऱ्याचे नाहीतर सासऱ्याचे. नवऱ्याचे नाव बोटाने लावून मोठ्याने वाचताना वर्गात जो हशा पिकला, त्यात मात्र सगळ्याच सामील होत्या. आज आम्ही दोघी उर्दू शाळांत मराठी शिकवतो. एखादे मूल वेलांटी चुकीच्या बाजूला काढते, तेव्हा लाल पेन उचलण्याआधी आम्ही त्याला विचारतो, असे का लिहिलेस? बहुतेक वेळा कारण निघते.

उमेदवारीच्या शेवटच्या आठवड्यात खालाजींनी दवाखान्याचा तो कागद आणला. पाऊण तास लागला. 'संमती' आणि 'शस्त्रक्रिया' आम्ही सांगितले, बाकीचे त्यांनी अडखळत स्वतः वाचले. खाली आपल्या अंगठ्याच्या निळ्या ठशाकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "कल राशन का कारड लाऊं?"