पद्मिनीचं हेड उघडलं तेव्हा

20 एप्रिल 2025, रविवार. घाटकोपर

जूनअखेर माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या नोंदणीची मुदत संपते. वडाळ्याच्या आरटीओत न्यायची तर त्याआधी इंजिन ठाकठीक हवं. सध्या ती आयडलिंगला मिसिंग मारते, रेडिएटरमधलं पाणी हळूहळू कमी होतं आणि चढावर दम जातो. मुलुंडच्या मिस्त्रींनी मे महिन्यातली तारीख दिली आहे. तोवर मापं एका जागी लिहून ठेवतो.

चार सिलिंडर एका ओळीत. बोअर 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी. हिशेब केला की एका सिलिंडरचे 272 आणि चारांचे 1089 सीसी. ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, टायमिंग चेनवर फिरणारा. तो पुशरॉड आणि रॉकरच्या साहाय्याने वरचे आठ व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकला तीन मेन बेअरिंग. प्लगना करंट मिळण्याचा क्रम 1-3-4-2. एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्युटर आणि कॅमच्या धक्क्यावर चालणारा पेट्रोलचा पंप. बॉनेट उघडलं की यातल्या बहुतेक गोष्टींना हात पोचतो.

27 एप्रिल, रविवार

संध्याकाळी विद्याविहारहून प्रीमियर रोडने कुर्ल्याकडे चालत गेलो. रस्त्याला नाव तेच आहे. कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्यात सुरुवातीला क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, फार्गो अशा गाड्या तयार होत. मग फियाट आली. फियाट 1100 चं पन्नाशीच्या दशकातलं गोलमटोल मॉडेल मुंबईकरांच्या तोंडी डुक्कर फियाट झालं. 1964 मध्ये डिलाइट आली आणि 1974 पासून तीच गाडी पद्मिनी नावाने विकली जाऊ लागली. याच कारखान्यातल्या कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली पगारासाठी मोठे लढे दिले.

68 आणि 75 ही मापं मात्र कुर्ल्याहूनही जुनी. फियाटने 1937 च्या 508 सी मॉडेलमध्ये ती पहिल्यांदा वापरली. इटलीत त्या मापांची जागा केव्हाच दुसऱ्या इंजिनांनी घेतली. आपल्याकडे ती विसावं शतक संपेपर्यंत टिकली. माझ्या गाडीचा ब्लॉक घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तयार झाला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

29 एप्रिल, मंगळवार

दुपारी एलबीएस मार्गावर, श्रेयसच्या सिग्नलच्या अलीकडे, गाडी बंद पडली. मेट्रो 4 च्या कामामुळे वाहतूक मुंगीच्या पावलांनी चालली होती. स्टार्टर जोरात फिरतो, करंट आहे, पण इंजिन पेट घेत नाही. हा व्हेपर लॉक.

पेट्रोलचा पंप, ज्याला गॅरेजमध्ये सगळे एसी पंप म्हणतात, थेट तापलेल्या ब्लॉकवर बसवलेला असतो. गाडी पळत असते तेव्हा वारा लागतो आणि नळीतून सतत थंड पेट्रोल वाहतं. रांगेत उभी राहिली की दोन्ही थांबतं. नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाचा पडदा ती वाफच पुढेमागे ढकलत राहतो. कार्बोरेटर कोरडा पडतो.

उपाय टॅक्सीवाल्यांनी सगळ्या शहराला शिकवलेला. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट पाहायची. फडक्यातलं पाणी वाफ होऊन जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. कायमचा इलाज वेगळा: नळी एक्झॉस्टपासून लांब बांधायची, तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवायचं आणि पंपाखालचा जाड स्पेसर शाबूत आहे ना ते पाहायचं. मिस्त्रींच्या यादीत हे लिहिलं.

11 मे, रविवार. मुलुंड

आज हेड उघडलं. त्याआधी मिस्त्रींनी चारही प्लग काढून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. पहिला आणि चौथा बरे. दुसरा आणि तिसरा दोघेही पडलेले, तेही जवळजवळ सारखे. "शेजारी-शेजारी दोघं एकदम पडले ना, की रिंगला दोष द्यायचा नाही. मधली गॅस्केट बघायची," मिस्त्री म्हणाले.

तसंच निघालं. दोन आणि तीनच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट जळून काळी पडली होती आणि तिथे नखाएवढी वाट झाली होती. त्या वाटेने एका सिलिंडरचा दाब दुसऱ्यात जात होता. कडेला पाण्याच्या भोकाजवळ गंजाचा तांबूस ओघळ; रेडिएटरमधलं पाणी कुठे जात होतं तेही कळलं. मिस्त्रींनी हेडवर सरळ पट्टी उभी धरली आणि खालून फीलर गेजचं पातं सरकवलं. मध्यभागी ते सहज आत गेलं. हेड वाकलं होतं.

अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. हेड आणि ब्लॉक बोल्टांनी एकत्र जखडलेले. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की हेडला पसरायचं असतं आणि ब्लॉक त्याला पसरू देत नाही. मग ते वाकतं आणि गॅस्केट पहिली बळी जाते. या इंजिनाचे मोठे आजार बहुतेक याच दारातून येतात. तुंबलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, सैल पट्टा, नळाचं क्षारयुक्त पाणी ही मूळ कारणं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे सवय आहे, तीही घातक. इंजिन मग नीट गरमच होत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि बोअर लवकर झिजतो.

हेड फेस करायला दिलं. बसवताना बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच आवळायचे.

18 मे, रविवार

सुटे भाग पाहायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो. पंपाचा पडदा, कार्बोरेटरचा किट, नळ्या. इथेनॉलला टिकणारं रबर मागितलं. ते शोधून घ्यावं लागतं.

कारण आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. 2030 चं उद्दिष्ट सरकारने 2025 वर आणलं. देशाच्या दृष्टीने त्याची कारणं असतील, पण 1089 सीसीच्या या इंजिनाला ते जड जातं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. शिवाय त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटमधून येणारं मिश्रण पातळ पडतं. गाडी अडखळते, तापते. जुनं रबर फुगतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. जेट थोडा मोठा घालणं, रबर बदलणं आणि टाकीतलं पेट्रोल फार दिवस पडून राहू न देणं, एवढं आपल्या हातात आहे.

26 मे, सोमवार

मुंबईत आज मोसमी पाऊस दाखल झाला. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता. गाडी अजून मिस्त्रींकडेच आहे, याचं समाधान.

पावसात या इंजिनाचे दोन शत्रू. पहिला किरकोळ: डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की करंट भलतीकडे उडतो आणि गाडी मिसिंग मारते. टोपी कोरड्या फडक्याने पुसली, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवला की काम होतं.

दुसरा शत्रू जिवावर उठणारा. पिस्टन वर आला की 272 सीसीचं मिश्रण चाळीस-एक सीसीच्या जागेत दाबलं जातं. हवा दबते, पाणी दबत नाही. एअर फिल्टरवाटे सिलिंडरमध्ये कटिंग चहापेक्षाही कमी पाणी शिरलं तरी पिस्टन मध्येच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला, तेव्हा पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायच्या धडपडीत कितीतरी धडधाकट इंजिनं गेली. अंधेरी सबवे किंवा मिलन सबवेत गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नये. ढकलून बाहेर काढावी, चारही प्लग काढावेत, क्रँक हाताने फिरवून पाणी बाहेर पडू द्यावं. नवी गाडी असो वा जुनी, नियम एकच. नव्या गाडीत प्लग काढण्याचं काम मेकॅनिकवर सोपवावं.

8 जून, रविवार

पुतण्या त्याची 2021 ची स्विफ्ट घेऊन आला. तिचंही चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, 1197 सीसी. माझ्या इंजिनापेक्षा फक्त 108 सीसी जास्त, पण ताकद 90 पीएस, दुपटीहून अधिक. 2024 मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये तर चौथा सिलिंडरच गेला. "काका, माझी गाडी आजवर रस्त्यात एकदाही थांबली नाही. मग भरवशाची कोणती?" त्याने विचारलं.

प्रश्न रास्त आहे. कमी बिघडण्यात त्याचं इंजिन फार पुढे आहे; धूर कमी, पेट्रोल कमी, आणि शहराच्या हवेला तेच हवं. पण माणसाला यंत्राचा आणखी एक भरवसा लागतो: बिघडलं तर कारण कळेल आणि ते आपल्या आवाक्यात असेल. पद्मिनी थांबते त्याच्या बरीच आधी आवाज बदलते, पाणी पिते, प्लगचा रंग पालटते. स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना आणि फीलर गेज एवढ्यावर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी याच गाडीवर पिढ्यानपिढ्या संसार चालवले. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली; ती नियमाने थांबली. नव्या गाड्यांनी धूर कमी करावाच, पण निदान इतकं उघडं राहावं की मालकाला आपल्या इंजिनाचं दुखणं स्वतः वाचता येईल. ही मागणी मला जुनाट वाटत नाही.

22 जून, रविवार

गाडी पास झाली. पाच वर्षांची मुदत मिळाली. आज इंजिन थंड असताना पुतण्याला टॅपेट शिकवले. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत हे रॉकर हलवून पाहायचं, फटीत पातं घालायचं, ओढताना किंचित अडलं पाहिजे. सैल ठेवलं तर टकटक होते. घट्ट ठेवलं तर आवाज छान येतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. म्हणून या इंजिनात थोडी टकटक सोसावी, शांततेवर भुलू नये.

पहिले दोन मी केले, उरलेले त्याने. मग वहीत त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं: दर रविवारी पाणी आणि ऑइलची पातळी, दर पाच हजार किलोमीटरला ऑइल, पॉइंट, प्लग आणि टॅपेट, पावसाळ्याआधी डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि वायर, दरवर्षी कूलंट. पुढची सर्व्हिस तो करणार आहे. ही विद्या एका माणसापाशी राहिली तर गाडीही त्याच्याबरोबरच संपते.