भिंगराव

हाटकेश उद्योगनगरातल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर भिंगराव कामाला आहेत. खाली दिवसभर पत्रा कापला जातो, वर अल्पदृष्टी असलेले हिशेबनीस बिलं चढवतात. विंडोज आणि अधिक ही बटणं एकत्र दाबली की भिंगराव हजर. कॉम्प्युटरबरोबर फुकटच येतात, थेट ‘विंडोज ९८’पासून. मॅग्निफायर हे त्यांचं कागदोपत्री नाव.

देताना सढळ, दाखवताना कंजूष. चौपट मोठं करतात, पण मग स्क्रीनचा जेमतेम सोळावा हिस्सा समोर ठेवतात. मालाचं नाव दिसतं तेव्हा रक्कम गायब, रक्कम दिसते तेव्हा माल कुठला ते आठवावं लागतं. पांढरा उजेड डोळ्यांना खुपला तर कंट्रोल, ऑल्ट आणि आय. कागद काळा, अक्षरं पांढरी. त्यात शेठच्या घरच्या गणपतीचा फोटोही निगेटिव्हसारखा दिसू लागतो, पण भिंगरावांना त्याचं काही नाही. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायला सांगितलं तर मजकूर धूसर, नको म्हटलं तर अनुस्वाराचा चौकोनी ठोकळा. मधलं काही त्यांना जमत नाही.

कधीकधी अंगात येतं. स्क्रीन लुकलुकते, माऊसचे दोन बाण दिसतात, बंद केलेल्या खिडकीचा तुकडा कोपऱ्यात तसाच राहतो. खोड त्यांची असेलच असं नाही. विंडोज आणि एस्केप दाबून त्यांना घरी पाठवावं. तरीही लुकलुक चालू राहिली तर भिंगराव निर्दोष. ते गेल्यावर थांबली तरी पहिला संशय डिस्प्ले ड्रायव्हरवर घ्यावा. मोठं केलेलं चित्र पडद्यावर पोचवणारा तोच, आणि अपडेटनंतर बिघडणाराही बहुधा तोच. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर परत आणावा. दोन मॉनिटर वेगवेगळ्या स्केलवर असतील तर ते आधी सारखे करावेत. एवढं होईपर्यंत भिंगरावांना पूर्ण पडद्याऐवजी वरच्या पट्टीत बसवावं: कंट्रोल, ऑल्ट, डी. तिथे ते बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागतात.

खरा छळ पुढे आहे. पूर्ण पडद्यावर मोठं करण्याचं काम अगदी शेवटच्या टप्प्यावर होतं आणि स्क्रीनशॉट त्याआधीचं चित्र उचलतो. हिशेबनीस थरथरत्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट पाठवतात, दुरुस्तीवाल्याला स्वच्छ, स्थिर, साध्या आकाराची स्क्रीन दिसते. ‘काका, सगळं ओके आहे,’ तो फोनवर सांगतो. पुढचं तो बोलत नाही, पण ऐकू येतं: दोष तुमच्या डोळ्यांत असेल. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अल्पदृष्टी मोजून सांगतो. चष्म्यासकट चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ ते ३/६० च्या दरम्यान. लोकांकडे मात्र दोनच खाने: दिसतं किंवा दिसत नाही. ज्याला थोडं दिसतं त्याच्या तक्रारीवर कोणी चटकन विश्वास ठेवत नाही, आणि भिंगराव तर साक्षीलाच उभे राहत नाहीत.

तेव्हा दुरुस्तीवाल्यांनो, स्क्रीनशॉट मागू नका. मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. तोवर काकांना विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायला लावा. पडदा क्षणभर काळा होईल, ड्रायव्हर नव्याने सुरू होईल आणि उघडी बिलं जागच्या जागी राहतील.