जीवामृत दिल्लीला पोचलं, पण गोठ्यात गाय कुठंय?

‘नैसर्गिक शेती’ हा विषय आता निबंधाला आणि वक्तृत्वाला सारखा येतो. मुलं गाईडमधून उतरवतात: रासायनिक खतं वाईट, शेणखत चांगलं, धरतीमाता वाचवा. यामागची खरी गोष्ट मुलांना सांगितली तर निबंधात थोडा जीव येईल, म्हणून हे लिहितोय.

गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोरा गावचे सुभाष पाळेकर आधी रासायनिक शेतीच करत होते. उत्पादन घटायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या रानात प्रयोग सुरू केले. त्यातून जीवामृत आलं. 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत 48 तास ठेवायचं, अधूनमधून ढवळायचं, की एका एकराचं काम झालं. एक गाय 30 एकरांना पुरते, असं ते सांगतात. हे गणिताच्या तासाला जरूर घ्या. गाय रोज 10 किलो शेण देते असं धरलं तर एका दिवसाचं शेण एका एकराला, महिन्याचं तीस एकरांना. हिशेब बसतो!

‘झिरो बजेट’ या शब्दानं मात्र बराच घोळ घातला. गूळ-बेसन काही फुकट येत नाही. मुख्य पिकाचा खर्च आंतरपिकातून निघावा, असा पाळेकरांचा अर्थ होता. आपल्याकडं सोयाबीनमध्ये तूर घेतात, त्यामुळं मुलांना हे पटकन कळतं.

पुढं आंध्र प्रदेश सरकारनं ही पद्धत मोठ्या प्रमाणावर उचलली. 2016 ला पाळेकरांना पद्मश्री मिळाली. जुलै 2019 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात अर्थमंत्र्यांनी झिरो बजेट शेतीचं नाव घेतलं. त्याच वर्षी देशातल्या नामवंत कृषिशास्त्रज्ञांनी पुराव्याशिवाय याचा प्रसार करू नका, असा आक्षेप घेतला. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. दोन्ही बाजू फळ्यावर लिहून वर्गात वाद घडवता येतो. शेवटी 25 नोव्हेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं. त्यात 2,481 कोटी रुपये, 1 कोटी शेतकरी, साडेसात लाख हेक्टर आणि 10,000 जैव-निविष्ठा केंद्रं आहेत. एका शेतकऱ्याच्या रानातली गोष्ट देशाच्या धोरणात गेली, हे काही लहान काम नाही.

आता आपल्या भागाकडं या. नांदेडच्या कंधारनं देशाला लाल कंधारी दिली, लातूरच्या देवणी-उदगीर पट्ट्यानं देवणी. वानेरा, बालंक्या, शेवरा ही देवणीच्या रंगांवरून पडलेली नावं आजोबांना तोंडपाठ असायची. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अजूनही अशी देखणी जनावरं दिसतात. पण गावात? आमच्या शाळेच्या वाटेवरचे बरेच गोठे आता ट्रॅक्टरचं सामान ठेवायला वापरतात. ज्वारी होती तेव्हा कडबा होता, कडबा होता म्हणून जनावर होतं. सोयाबीन आलं आणि गंजी गेली. सोयाबीनच्या भुसकटावर गाय किती दिवस जगवणार?

पालकसभेत हा विषय निघाला तेव्हा एक जण उठून म्हणाले, “सर, बैलं इकून चार वर्षं झाली. आता शेण इकत आणून बिनखर्चाची शेती करायची व्हय?” सभेत हशा पिकला. ते मात्र हसले नव्हते. त्यांच्या डोक्यावर खताच्या दुकानाची उधारी होती.

सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारनं देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईसाठी रोज 50 रुपये अनुदान ठरवलं. गोशाळेला मिळतंय, ठीक आहे. पण दोन एकरवाल्याच्या दावणीला बांधलेल्या गाईचं काय? धोरण शेतकऱ्याच्या गोठ्यावर उभं करायचं आणि पैसा गोठ्याबाहेर द्यायचा, हे मला पटत नाही. जैव-निविष्ठा केंद्रात जीवामृत विकत मिळेल, सोयही होईल. पण मग दुकान बदललं, उधारी तीच राहिली, असं ते पालक म्हणतील, आणि त्यांना द्यायला माझ्याकडं अजून उत्तर नाही.