उत्तर की दक्षिण?

बिद्रीहून मुरगूडवरून निपाणीला गेले की राज्य बदलते. माणसे मात्र तेवढ्याने बदलत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी म्हैसूर राज्यात गेली, तरी सोयरिकी व्हायच्या त्या होतच राहिल्या. सोयरीक आली की पत्रिका आली. आणि आमच्या भागात पत्रिका दोन तऱ्हांच्या येतात.

आपली कुंडली वाचकांच्या परिचयाची आहे. चौकोनात दोन कर्ण मारावेत, बाजूंचे मध्य जोडावेत, की चार शंकरपाळ्या आणि आठ त्रिकोण तयार! वरची मधली शंकरपाळी लग्नस्थानाची. तिथून डावीकडे उतरत घरे मोजायची. आतला आकडा घराचा नव्हे, राशीचा. लग्नात ५ लिहिले की सिंह लग्न. कानडी मुलखातल्या पत्रिकेत कडेने बारा चौकटी असतात आणि मधली जागा मोकळी. वरच्या डाव्या कोपऱ्यात मीन, शेजारी मेष, आणि तसेच घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुढे. राशी जागच्या हलत नाहीत. लग्न ज्या राशीत असेल त्या चौकटीत तिरपी रेघ ओढतात. बंगालीही राशी स्थिरच ठेवतात, पण मोजतात उलट्या दिशेने. आपल्या कुंडलीत माणूस गादीवर बसतो आणि राशींनी त्याच्याभोवती फिरायचे. तिकडे आकाश ठाण मांडून बसलेले. माणसाने आपली जागा शोधून घ्यायची. ज्योतिषावर माझा विश्वास बेताचाच, पण ही दुसरी रीत मला अधिक नम्र वाटते.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या आप्पांच्या मुलाला धारवाडकडची एक मुलगी सांगून आली. मुलामुलीची पसंती झाली होती; नव्हती ती फक्त आप्पांची. मुलीची पत्रिका चौकटींची. आप्पांचा सारा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेलेला. त्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून चौकटी मोजल्या आणि मंगळ सातवा निघाला! नकार कळवण्याआधी ते माझ्याकडे आले. मराठीच्या प्राध्यापकाला पंचांग येतेच, असा गावाचा समज आहे.

"आप्पा, तिरपी रेघ कुठे आहे?" मी विचारले. रेघ होती सिंहेत आणि मंगळ पुढच्या चौकटीत, कन्येत. म्हणजे दुसरा.

आम्ही जोशीबुवांकडे गेलो. ते म्हणाले, "दुसरा मंगळ आपण धरत नाही." आपल्याकडे पहिला, चौथा, सातवा, आठवा आणि बारावा मंगळ वाईट. आप्पा खुलले. पण बुवा पुढे म्हणाले, "दक्षिणेत मात्र पहिल्याऐवजी दुसरा धरतात." आणि मुलाचा मंगळ नेमका पहिला! आपल्या रीतीने मुलगा मंगळाचा, मुलगी निर्दोष. त्यांच्या रीतीने मुलगी मंगळाची, मुलगा निर्दोष. कसेही पाहा, जुळत नव्हते. आप्पांचा चेहरा पुन्हा उतरला. त्या दोन पोरांचे काय होणार, याची मला खरोखरच धास्ती वाटू लागली.

बुवांनी सावकाश पान जमवले. "ज्याची पत्रिका त्याच्या मुलखाच्या रीतीने वाचा. मग दोघेही मंगळाचे. जुळली पत्रिका!"

"हे शास्त्रात बसते?" आप्पांनी विचारले.

"शास्त्र दोन्हीकडचेच आहे, आप्पा. मी पदरचे काय घातले?"

लग्न झाले. गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली. आता पत्रिका संगणकावर निघते. दुकानातल्या पोराने विचारले, "उत्तर की दक्षिण?" आपल्या शंकरपाळ्यांना त्या यंत्रात उत्तर भारतीय पद्धत म्हणतात! सगळी हयात दक्षिण महाराष्ट्रात काढलेले आप्पा 'उत्तर' म्हणायला काही केल्या तयार होईनात. शेवटी सून म्हणाली, "दोन्ही काढा."

आप्पांनी चौकटींची प्रत हातात घेतली, चष्मा पुसला आणि आधी तिरपी रेघ शोधली.