हिरवं झालेलं पाणी नालीत सोडण्याआधी

पोस्ट जरा लांब आहे. पण मनीषनगर, बेसा, बेलतरोडीकडे राहणाऱ्यांनी मे महिन्यात तरी वाचावी.

आपल्या भागातल्या काही बंगल्यांच्या आवारात स्विमिंग पूल आहेत. बांधताना हौस असते. मग मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेला जातात, मोटर बंद पडते, पाणी हिरवं होतं आणि वर डास घोंघावतात. नातवंडं सुट्टीत यायची म्हटलं की जाग येते. अशाच एका ओळखीच्या काकांचा परवा फोन आला. "भाऊ, तुम्ही पेपरवाले. एखादा टँकरवाला सांगा ना. पूल रिकामा करून नव्यानं भरतो म्हणतो."

मी म्हटलं, काका, आधी माप सांगा. बारा मीटर लांब, सहा रुंद, सरासरी खोली दीड. म्हणजे १०८ घनमीटर, १ लाख ८ हजार लिटर. दहा हजाराचे जवळपास अकरा टँकर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्या हिशेबानं हे आठशे माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. ते नालीत सोडायचं आणि तेवढंच पुन्हा कुठल्या तरी बोअरमधून उपसायचं. बोअर कोणाच्या का अंगणात असेना, खालचं पाणी सगळ्या लेआउटचं असतं.

विसरलो असू तर आठवण करून देतो. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह तळाला गेलं आणि महापालिकेनं आपल्याला एक दिवसाआड पाणी दिलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळ होता म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले, कारण मैदानांवर पाणी मारायचा प्रश्न होता. तेव्हा चहाच्या टपरीवर आपण सगळे न्यायालयाच्या बाजूचे होतो.

खरं म्हणजे हिरवं पाणी फेकायची गरज बहुतेक वेळा नसतेच. हिरवेपणा शेवाळाचा, आणि शेवाळ क्लोरीननं मरतं. पण क्रम पाळावा लागतो, आणि नेमका तिथंच घोळ होतो. पूल साफ करणारा पोरगा येतो, भर दुपारी ब्लीचिंग पावडरची थैली पाण्यात उलटी करतो, पैसे घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा हिरवं. काका म्हणतात, पावडर बोगस होती.

पावडर जुनी असेल तर ती बोगसच. उकाड्यात पडून राहिली की तिचा जोर जातो. पण आपलं ऊनही काही कमी नाही. उघड्या पाण्यातला मोकळा क्लोरीन मे महिन्याच्या उन्हात दोनेक तासांत बहुतेक संपतो. म्हणून औषध संध्याकाळी टाकायचं आणि रात्रभर पंप चालू ठेवायचा. त्याआधी पीएच बघायचा. तो आठच्या वर असेल तर टाकलेल्या क्लोरीनचा जेमतेम पाव भाग जोरानं काम करतो. साडेसातच्या खाली आणला तर निम्म्याहून जास्त. बोअरचं जड पाणी असेल तर पीएच वर जाऊन पाणी दुधाळही होतं, आणि लोक त्याला पुन्हा क्लोरीनच पाजत बसतात.

काकांकडे आधी जाळीनं पाला काढला, भिंती ब्रशनं घासल्या. कोणीतरी डासांसाठी गप्पी मासे सोडले होते, ते बादलीत काढून शेजारच्या हौदात सोडले. मग पीएच खाली आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १० पीपीएमच्या हिशेबानं क्लोरीन. १०८ घनमीटरला तो १,०८० ग्रॅम लागतो, म्हणजे ६५ टक्केवाल्या दाण्यांचे सुमारे एक किलो साडेसहाशे ग्रॅम. साध्या ३३ टक्के पावडरचे सव्वातीन किलो लागले असते आणि चुन्याचा गाळ वेगळा. एका डोसनं भागलं नाही, तीन रात्री द्यावा लागला. वाळूच्या फिल्टरचा काटा चढला की बॅकवॉश. मेलेलं शेवाळ राखाडी होऊन तळाशी बसलं, ते व्हॅक्यूमनं थेट बाहेर काढलं. सहाव्या दिवशी तळाची फरशी मोजता आली. बाहेर गेलं ते गाळाचं आणि बॅकवॉशचं पाणी, तेवढीच भर टाकावी लागली. अकरा टँकर वाचले.

तळ दिसेपर्यंत पोरांना उतरू द्यायचं नाही, हे काकांना दोनदा सांगितलं. गढूळ पाण्यात बुडालेलं पोर वरून दिसत नाही.

क्लोरीनचा वास येतो म्हणजे क्लोरीन भरपूर, असं समजू नका. तो डोळे चुरचुरवणारा वास बहुतेकदा घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे मोकळा क्लोरीन कमी पडतोय. गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल टाकून ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. पिण्याच्या पाण्याला ती टेस्ट चालते, पण मोकळा किती आणि संयोग झालेला किती हे तिच्यानं नीट कळत नाही. पुलाला डीपीडीचं किट घ्या. मोकळा १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८. रात्री मोजून पहाटे पुन्हा मोजा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त उतरला तर शेवाळ अजून जिवंत आहे.

पाणी फेकावंच लागतं अशी एक स्थिती आहे, तीही सांगतो. वर्षानुवर्षं फक्त टीसीसीएच्या गोळ्या टाकल्या तर पाण्यात सायन्युरिक ॲसिड साचतं. थोडं असलं तर ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, फार झालं तर त्यालाच जखडून ठेवतं. तेव्हा थोडं थोडं पाणी बदलण्याशिवाय इलाज नाही. पण आधी मोजा, मग बदला.

आता मला जास्त टोचतं ते. हे काम करणारी पोरं अनवाणी, तोंडाला रुमाल बांधून पावडर ओततात. रुमालानं क्लोरीन अडत नाही. त्याच मगानं टॉयलेटचं ॲसिड मोजलं की विषारी वायू सुटतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग एकत्र आलं तर आग लागू शकते. औषध पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा, नीट मास्क हे मालकानं घेऊन द्यायचं. पुलावर लाखो खर्च करणाऱ्याला ते जड नाही.

ज्यांच्या सोसायटीत पूल आहे त्यांनी सेक्रेटरींकडे रोजच्या पीएच-क्लोरीनची नोंदवही मागावी. नसेल तर इनबॉक्समध्ये कळवा, तुमचं नाव न घेता लिहीन.