बुधवारचं माहीम

माहीमच्या सेंट मायकल चर्चचा वर्धापनदिन नेमका कोणता धरायचा, हे ठरवणं वाटतं तेवढं सोपं नाही. पोर्तुगीजांनी इथं पहिलं चर्च बांधलं ते 1534 मध्ये, असं मानतात. त्या हिशेबानं मुंबईतल्या सर्वांत जुन्या चर्चमध्ये त्याची गणना होते. पण आज लेडी जमशेदजी रोडवरून दिसते ती इमारत 1973 ची. आणि ज्या नोव्हेनासाठी, म्हणजे नऊ बुधवारांच्या प्रार्थनेसाठी, माणसं कुठून कुठून येतात, ती सुरू झाली 8 सप्टेंबर 1948 रोजी. तो बुधवार होता, आणि तेव्हापासून माहीमचा वार बुधवारच. 2023 मध्ये नोव्हेनाची पंचाहत्तरी आणि इमारतीची पन्नाशी एकाच वर्षी आली. पायाला पाचशे वर्षं होतील ती 2034 मध्ये. पत्ता एक आणि वयं तीन. मला विचाराल तर यातलं बुधवारचं वय सर्वांत खरं.

बुधवारी तिथं जाणाऱ्याला वाट विचारावी लागत नाही. गर्दी वळेल तिकडे वळायचं. फुटपाथवर मेणबत्त्यांचे ठेले लागलेले असतात. साध्या मेणबत्त्यांच्या जुड्यांशेजारी मेणाच्या वस्तू मांडलेल्या: हात, पाय, डोळ्यांची जोडी, तान्हं बाळ, घर. गुडघा दुखत असला तरी अख्खा पाय घ्यायचा. ते घर जरा हातात घेऊन पाहावं. त्याला उतरतं छप्पर असतं, दार असतं, कुठं खिडकीही कोरलेली असते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांचा संसार करणारी बाई वन रूम किचनचा नवस बोलते आणि वाहते मात्र स्वतंत्र बंगली. साचा जुन्या काळातला राहिला, गरज आजची आहे. मेरीमातेला एवढा हिशेब कळत असावा.

गर्दीत सगळे ख्रिस्तीच असतात असं नाही. कपाळावर कुंकू असलेल्या बायका असतात, बुरख्यातल्या असतात, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून आलेली पोरं असतात. कुणी नऊ बुधवार धरलेले असतात, कुणी नऊ संपवून पुढंही येत राहिलेलं असतं. प्रार्थना दिवसभर चालू: इंग्रजी, कोकणी, मराठी, हिंदी, तमिळ. एका भाषेतली माणसं बाहेर पडतात तोवर दुसऱ्या भाषेतली दारात उभी. दारातली ढकलाढकली मात्र सगळ्या भाषांत सारखीच.

या सगळ्यात मला गुंतवून ठेवतात त्या चिठ्ठ्या. भक्तांनी लिहून दिलेल्या मागण्या आणि आभार नोव्हेनात मोठ्यानं वाचले जातात. नोकरी लागू दे, व्हिसा मिळू दे, मुलगी बारावी पास होऊ दे, नवऱ्याची दारू सुटू दे, गाठ साधी निघू दे. वाचणाऱ्याचा आवाज सपाट असतो आणि ते बरंच आहे. त्यात कुणी भाव ओतू लागलं तर ऐकवणार नाही. लिहिणाऱ्याचं नाव नसतं. ज्याची चिठ्ठी, तो कदाचित आपल्याच बाकावर बसलेला असतो, आणि आपण त्याला जरा सरकून बसायला सांगितलेलं असतं. गोव्याच्या म्हातारीनं तमिळ पोराच्या नोकरीसाठी हात जोडायचे, त्या पोरानं कोळणीच्या ऑपरेशनसाठी, आणि कोण कुणासाठी जोडतंय याचा कुणाला पत्ता नाही. एरवी मुंबईत शेजारच्या बिऱ्हाडात कोण आजारी आहे हे आपल्याला चारचार महिने कळत नाही.

वेदीवरच्या चित्राचा प्रवासही असाच लांबचा. नोव्हेना जिची, त्या चित्रातल्या मेरीमातेला नित्य साहाय्य करणारी माता म्हणतात. चित्र बायझँटिन घडणीचं, त्याची मूळ प्रत रोममध्ये. 1866 साली नववे पोप पायस यांनी ते रिडेम्प्टोरिस्ट धर्मसंघाच्या हवाली केलं आणि त्यांनी त्या भक्तीचा जगभर प्रसार केला. फादर एडवर्ड प्लासिडस फर्नांडिस यांनी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात ही नोव्हेना पाहिली आणि परत येऊन माहीमला सुरू केली. चित्र जवळून पाहिलं तर कळतं की आई आपल्याकडे बघते आहे, पण बाळ तिच्याकडे बघतच नाही. क्रूस घेऊन आलेल्या देवदूताकडे मान वळवून, घाबरून, त्यानं आईचा हात धरला आहे. धावत येताना त्याच्या एका पायातली चप्पल निसटली आहे आणि बंदाला लोंबकळते आहे. स्वर्ग, देवदूत, सोनेरी पार्श्वभूमी, आणि त्यात ही चप्पल. ज्या कुणी ती काढली, त्याला लेकरं ठाऊक होती.

चित्र रोमचं, रीत बेलफास्टची, रस्ता एका पारशी बाईच्या नावाचा. लेडी जमशेदजींनी पैसे दिले नसते तर माहीमची खाडी होडीनंच ओलांडावी लागली असती. त्यांच्या देणगीतून 1845 मध्ये कॉजवे झाला आणि वांद्रं जवळ आलं. मग ‘इथलं’ म्हणायचं कुणाला? कोळी, भंडारी, आगरी, कुणबी या इथल्याच जातींतून जे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, ते ईस्ट इंडियन. घरात मराठीची बोली, लग्नात उंबराचं पाणी, जेवणात बॉटल मसाला. पण हे नावसुद्धा त्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, कंपनी सरकारची जुनी रयत आहोत, हे सरकारला कळावं म्हणून! एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांनी एकमेकांपासून वेगळं दिसण्यासाठी धरलेलं नाव आहे हे. नोकऱ्यांची स्पर्धा तेव्हाही देवापेक्षा जवळची होती. पुढं मंगळुरी आले, तमिळ आले, मल्याळी आले, आणि तक्रारीला नवनवे चेहरे मिळत गेले.

भांडण या चर्चला नवं नाही. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, हे आपण शाळेत छाती फुगवून पाठ केलं. त्याच मोहिमेच्या धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरचं चर्च गेलं आणि तिथली मोत माउलीची मूर्ती माहीमला आणून ठेवली. ती परत गेली 1761 मध्ये. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्या भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही आहेत. आपल्या विजयाची कथा सांगताना या मूर्तीची माहीममधली बावीस वर्षंही सांगायला हवीत. कुणी सांगत नाही.

घरातलं भांडण त्याहून मोठं निघालं. मुंबईतल्या कॅथलिकांवर हुकूम कुणाचा चालणार, पोर्तुगालच्या राजाच्या हक्कानं नेमलेल्या धर्मगुरूंचा की थेट रोमहून आलेल्या बिशपांचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. 1853 मध्ये तो माहीमला पेटला. चर्च हातचं जाऊ नये म्हणून रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आत दारं लावून बसले आणि विरोधी बाजूच्या भाविकांनी बाहेरून वेढा दिला. अखेर इंग्रज सरकारला मध्ये पडावं लागलं आणि चर्च पोर्तुगीज बाजूकडे गेलं. मुंबईतली ही दुहेरी सत्ता संपायला 1928 उजाडलं. वर्धापनदिनाच्या भाषणांत एकोप्याचे गोडवे गायले जातात तेव्हा मला हा वेढा आठवतो. मेळ कधी पुरता जमलाच नाही, तरी माणसं एका आवारात येत राहिली. एकोप्यापेक्षा हे अवघड आहे, आणि मला त्याचंच जास्त कौतुक वाटतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषांत आली. तोवर मिस्सेतलं सगळ्यांना सारखंच कळत नव्हतं, त्यामुळे भाषेवरून कुरबुर व्हायचं कारण नव्हतं. लोकांच्या भाषा आल्या आणि वेळापत्रक आलं: कुणाची सकाळची सोयीची वेळ, कुणाच्या वाट्याला दुपारचं ऊन. बहुभाषक धर्मग्रामाची खरी परीक्षा या वेळापत्रकात असते. सणाच्या दिवशी पाच भाषांत एकेक गाणं म्हणणं त्या मानानं सोपं.

2034 काही फार लांब नाही. समिती बसेल, मांडव पडेल, आणि मराठी-कोकणी मुलखाच्या रिवाजाप्रमाणे गुळगुळीत कागदावर स्मरणिका निघेल. तिच्यात बिशपांचा संदेश येईल, देणगीदारांचे फोटो येतील, बिल्डरांच्या शुभेच्छा पानभर येतील. येऊ देत, छपाईचा खर्च त्यातूनच निघतो. समितीला एकच विनंती आहे: आठ-दहा पानं बुधवारच्या चिठ्ठ्यांसाठी राखून ठेवा. नावं नकोत, निवड करताना सुवाच्य अक्षर बघू नका, आणि जी चिठ्ठी ज्या भाषेत आली त्याच भाषेत छापा.